बारीक अक्षराचा रुपया

सायकलीवरून लोक गवत नेतात, दुधाचे कॅन नेतात, माहेरी निघालेली बायको नेतात. दगड नेणारा माणूस अख्ख्या उदगीर तालुक्यात एकच होता. अजीज त्याचं नाव. कॅरिअरला सुतळीनं आवळून बांधलेला काळा, चपटा, ताटलीएवढा दगड घेऊन तो गावोगाव फिरायचा आणि चढ लागला की खाली उतरून सायकल ढकलायचा, दगडासकट.

कारण साधं होतं. अजीज चांदीचे जुने रुपये घ्यायचा आणि विकायचा. रुपया अस्सल की भेसळीचा, हे तो वाजवून ठरवायचा आणि वाजवायला दगड लागतो. दगड तर प्रत्येक गावात असतात, मराठवाड्यात दुसरं काही असो नसो. पण अजीजचं म्हणणं असं, की परक्या दगडावर रुपया परक्यासारखा वाजतो, आपल्या दगडावर खरं बोलतो.

त्याची बायको बेगमबी शेजारणीला सांगायची, "लोगां मुर्गी पालते, बकरी पालते. हमारे मियाँ पत्थर पाले."

बहात्तर साली पाऊस आला नाही. लोकांनी उतरंडीच्या तळातून, देव्हाऱ्याखालून, म्हातारीच्या कनवटीतून रुपये बाहेर काढले. राणीछाप निघाले, राजाछाप निघाले आणि सगळ्यांत जास्त निघाले ते निजामाच्या राज्यातले हाली रुपये, चारमिनारवाले. अजीज ओट्यावर दगड मांडायचा, रुपया वरून सोडायचा, मान तिरपी करून ऐकायचा. सोनारापेक्षा चार आणे जास्त द्यायचा आणि त्या घरी पाणी मागायचा नाही. पहिलं भिडेखातर, दुसरं पाणी नसल्यामुळं.

घेतलेलं सगळं तो विकायचा नाही. हाली रुपयांतला एकेक नग तो स्वतःसाठी बाजूला ठेवायचा. त्यात त्याला एकच नग कमी होता, नऊ वर्षांपासून. हाली रुपयावरच्या चारमिनारला मधोमध एक कमान असते आणि त्या कमानीत एक अक्षर असतं. ज्यांनी जन्मभर तो रुपया खर्च केला त्यांनीही ते पाहिलेलं नसतं. खर्च करणाऱ्याला तेवढा वेळ कुठला. अगदी सुरुवातीच्या काही रुपयांत ते अक्षर बारीक होतं, पुढं मोठं झालं. का झालं, ते टांकसाळीला ठाऊक. मोठ्या अक्षराचे अजीजकडं डबाभर होते. बारीक अक्षराचा एकही नव्हता. त्यासाठी त्यानं मुदखेडला आगगाडीत सायकल चढवून पार इस्लापूरपर्यंतची गावं पालथी घातली होती. नांदेडच्या एका शौकिनाकडं तो होता. त्यानं अजीजला तो एकदा टेबलाच्या पलीकडून दाखवला आणि लगेच मूठ मिटली. त्या दिवशी अजीज नांदेडहून उदगीरपर्यंत एसटीत उभा राहून आला. बसायला जागा होती.

तर त्र्याहत्तरच्या एप्रिलातल्या एका शुक्रवारी तो देवणीकडच्या अंबुळखेड गावाला पोचला. वेशीतच त्याला लिंबाजीनं अडवलं. लिंबाजी पन्नाशीचा, सडपातळ, बौद्ध वस्तीतला कारभारी माणूस. वस्तीत काही अडलं की लोक त्याच्याकडं बघायचे आणि तो आभाळाकडं.

"अजीजभाई, तुमाला चांदी लांबून वळखती का?"

"लांबून म्हंजी किती लांबून, मामा?"

"चाळीस फूट."

अजीजला वाटलं थट्टा आहे. पण लिंबाजी थट्टा करणारातला नव्हता. तो त्याला वस्तीच्या विहिरीवर घेऊन गेला. विहीर कोरडी ठाक होती. लिंबाजीच्या म्हाताऱ्या आईनं, सरजाबाईनं, घरातून आरसा आणला. लिंबाजीनं तो उन्हात धरून उन्हाचा कवडसा विहिरीच्या तळाशी सोडला. तळाला गाळ होता, वाळून भेगाळलेला. आणि त्या गाळात इथं तिथं काहीतरी चमकत होतं.

"काय हाय ते?" अजीजनं विचारलं.

"देव हायती," लिंबाजी म्हणाला. कुणाच्या गोठ्यात काय बांधलंय ते सांगावं, तसा.

मग त्यानं सगळं सांगितलं. पूर्वी वस्तीतल्या घराघरात देव्हाऱ्यात चांदीचा टाक असायचा. गरिबांचे देव, त्यामुळं देवही जेमतेम. गावचा सोनार एक हाली रुपया घ्यायचा, त्याची एक बाजू घासून सपाट करायचा आणि त्यावर देव कोरायचा. दुसरी बाजू तशीच राहायची, कारण मजुरी एकाच बाजूची मिळालेली असायची. छप्पन साली अख्ख्या वस्तीनं दीक्षा घेतली, देव सोडले. एकोणीस घरांचे एकोणीस टाक एका फडक्यात बांधून नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीच्या दारात तांब्याचं ताट, ताटात एकोणीस टाक. वरच्या आळीतल्या बसवंतअप्पांनी भल्या मनानं आणून ठेवले होते. "तुमचे देव वाहून आले रे," असा निरोप होता. चांदी वाहून येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुन्हा नदीत सोडले, पुन्हा ताट आलं. तिसऱ्या खेपेला सरजाबाईनं ते नेऊन वस्तीच्या विहिरीत टाकले. त्या विहिरीच्या पाण्याला वरच्या आळीतला माणूस शिवायचा नाही. देव तिथं जितके सुखरूप राहिले तितके सरकारी तिजोरीतही राहिले नसते. सोळा वर्षं कुणी त्यांना ताटात घातलं नाही.

आणि आता विहीर आटली होती.

"सोमवारी सुरुंगवाले येनार हायती," लिंबाजी म्हणाला. "सरकारकडून. तळ फोडला की खाली पानी हाय म्हनतेत. पन आधी गाळ काढून द्या म्हनले. सोमवारी गाळ दिसला तर टॅक्टर थेट फुडच्या गावाला."

"मग काढा की गाळ. मानसं हायती, पाट्या हायती."

"मानसं हायती. हात कोन लावनार? गाळाला हात लावला की देवाला लागला. वर आलं की दुसऱ्या दिशी गाव म्हननार, दुष्काळ पडला अन् ह्यांना देव आठवले." लिंबाजीनं आरसा पालथा ठेवला. "तानं मरू. पन ते ऐकून घेनार न्हाई."

"मग मी काय करू?"

"तुमी चांदी घेता न्हवं?"

"मामा, मी रुपये घेतो. देव घेत न्हाई. आमच्यात तर त्याहून चालत न्हाई."

लिंबाजीनं मान डोलावली, म्हणजे पटलं. त्यानं आरसा उचलून घराकडं वळवला, तेवढ्यात कवडसा तळावरून सरकला आणि क्षणभर एका चकतीवर थांबला. चकती पालथी पडली होती. एवढ्या लांबूनही चार मिनार उभे दिसले. अजीजनं कठड्याला हात टेकला.

"थांबा," तो म्हणाला. "मागची बाजू घेतो मी."

"मागची म्हंजी?"

"चारमिनारची. फुडं काय हाय ते मला दिसलंच न्हाई असं समजा."

"समजलो. घ्या."

"किती द्यायचे?"

"पैसे कशाचे? पैसे घ्यायचे आसते तर तवाच सोनाराला इकले नसते का? टाकलेली वस्तू हाय."

"फुकट घेऊ? फुकट घेतलं की चोरी झाली. माझ्या दगडावर असला रुपया वाजायचा न्हाई."

दोघं कठड्यावर बसून राहिले. एक विकेना, दुसरा फुकट घेईना. उदगीरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एवढे सौदे होत असत, पण असा अडलेला सौदा तिथंही कुणी पाहिला नसेल. लिंबाजीनं तंबाखू मळली, निम्मी अजीजला दिली. एवढं मात्र दोघं पटदिशी देऊ-घेऊ शकले.

शेवटी सरजाबाई बोलली. ती एवढा वेळ विहिरीलगतच्या आपल्या घराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"आरं, तळ्याचा गाळ कुनाचा आसतो?"

"ज्यानं काढला त्येचा," लिंबाजी म्हणाला. दरवर्षी उन्हाळ्यात गावतळ्याचा गाळ लोक शेतात न्यायचे. ज्यानं उपसला, त्यानं नेला. त्यात विचारणं-पुसणं कधी नव्हतं.

"मग हिरीचा बी तसाच. ह्यानं काढावा, ह्यानं न्यावा. गाळात काय हाय अन् काय न्हाई, आपून कशाला बघायचं?"

अजीजनं मान डोलावली. गाळ उपसणं म्हणजे कष्ट. कष्टाचं फुकट होत नाही. लिंबाजीनंही मान डोलावली. गाळ देणं म्हणजे देव देणं नव्हे.

"पन एक हाय," सरजाबाई म्हणाली. "मागनं बघ, इक, काय बी कर. फुडनं बघायचं न्हाई. आमी त्येंना सोडलं. त्येंची हेटाळनी करायला न्हाई सोडलं. कुनी तोंड बघून मोल करावं, हे नगं."

"बघनार न्हाई, माय," अजीज म्हणाला. त्या वेळी त्याला ते फार सोपं वाटलं.

शनिवारी सकाळी अजीजनं चलाखी केली. गाड्यांनी गाळ उपसण्यापेक्षा वरूनच रुपये वेचावेत, असा त्याचा विचार. रस्त्याच्या दुष्काळी कामावरून त्यानं डांबराचा गोळा मागून आणला, लोखंडी वजनाला थापला आणि दोरीनं विहिरीत सोडला. रुपयावर टेकवायचा, चिकटला की वर ओढायचा. वस्ती जमली. वरच्या आळीतले चार जण लिंबाच्या झाडापाशी येऊन उभे राहिले, पुढं बसवंतअप्पा, डोईला पांढरा रुमाल.

पहिलाच नग चिकटला. दोर वर आला. चारमिनार डांबरात रुतला होता आणि देव मोकळा, थेट उजेडात. अजीजनं डोळे गच्च मिटले.

"फुडनं हाय का?" त्यानं विचारलं.

"फुडनंच हाय," लिंबाजी दुसरीकडं बघत म्हणाला.

अजीजनं चाचपून तो सोडवला आणि परत विहिरीत टाकला. दुसराही तसाच आला. तिसराही. तीनदा देव वर आले आणि तीनदा खाली गेले. झाडाखाली बसवंतअप्पांचे हात तीनदा जोडले गेले आणि तीनदा सुटले. चौथ्यांदा जोडावेत की नाही, असे अर्धवर राहिले.

"आरं लिंबाजी," त्यांना राहवेना. "काय खेळ लावलाय? आमाला द्या, आमी पुजतो त्येंना."

"या की अप्पा," लिंबाजी म्हणाला. "दोर हाय, पाटी हाय. उतरा खाली."

बसवंतअप्पांनी दोराकडं पाहिलं.

"दोर तुमचा हाय."

"हिर बी आमचीच हाय."

अप्पांनी विहिरीकडं पाहिलं, मग रुमाल सारखा केला. "बगू," असं म्हणून ते वळले. पुढं त्यांनी काय बघितलं, ते कळलं नाही.

इकडं सरजाबाई कमरेवर हात देऊन अजीजपुढं उभी राहिली.

"काय रं लेका, गाळ काढतो म्हनलास. ही गाळातली चांदी वेचून न्यायलास व्हय?"

"न्हाई माय, मी म्हनलं आधी..."

"आधी गाळ. समदा."

अजीजनं डांबर पुसलं. बघता बघता शनिवार मावळतीला आला होता. वस्तीतल्या कुणाला गाळाला हात लावायचा नव्हता आणि एकट्यानं विहीर उपसता येत नाही. खाली भरणारा एक लागतो, वर ओढणारा एक. देवणीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ त्यानं उदगीरला निरोप पाठवला.

रविवारी पहिल्या एसटीनं बेगमबी आली. डोक्यावर पदर, हातात डबा, चेहऱ्यावर आधीच सगळं लिहिलेलं.

"रुपये लाने गए थे ना जी? ये क्या लेको आए, कुआँ?"

"कुआँ नई, गाळ," अजीज म्हणाला.

"वाह. पत्थर था, अब मिट्टी. घर बनारे क्या?"

तरी तिनं पदर खोचला. विहिरीला जुनी लाकडी कप्पी होती. पाटी जड, ओढणारी एकटी. बेगमबीनं इकडं तिकडं पाहिलं, सायकलीवरचा दगड सोडला आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधला. दगड खाली गेला की पाटी वर यायला हलकी. अजीज तळातून ओरडला, "उसकू कैकू बांधे? वो वाजवनेका पत्थर है!"

"दस साल में पैली बार काम को आया," बेगमबी वरून म्हणाली.

दिवसभर पाट्या वर येत राहिल्या. गाळाचा ढीग वाढत गेला. वस्तीतले लोक लांब उभे राहून पाहत होते आणि दोन दिवसांतून एकदा येणाऱ्या टँकरच्या पाण्यातला आपापला तांब्या आणून बेगमबीजवळ ठेवत होते. अजीजनं त्या दिवशी पाणी मागितलं नाही, तरी दुपारपर्यंत अकरा तांबे जमले. सरजाबाई बेगमबीजवळ येऊन बसली.

"मालक लई राबायलेत की गं तुझे."

"राबते नई माय, फसते. लगीन झालं तवापासून फसतेच हैं."

"बारीक अक्षर का काय ते काल सांगत होता, त्येच्यासाठी?"

"हौ. मैं बोली, मोटा अच्छर अच्छा है, दूर से दिखता. नक्को बोले."

सरजाबाई हसली. दात दोनच होते, पण दोन्ही दिसले.

सूर्य मावळायला शेवटची पाटी वर आली. तळाचा खडक उघडा पडला. बेगमबीनं दगड काढून घ्यायला दोर वर ओढला, तो मधेच हातातून सुटला. दगड सुसाट खाली गेला. अजीज कडेला चिकटून उभा होता म्हणून वाचला. दगड खडकावर आपटला आणि मधोमध दोन तुकडे झाला. अजीज दोन्ही तुकडे कडेवर घेतल्यासारखे घेऊन वर आला.  बेगमबीनं आपल्या पदरानं ते पुसले, यावरून प्रसंग किती मोठा होता ते कळेल.

सोमवारी सुरुंगवाले आले. तळ पाहिला, मान हलवली, पहारी लावल्या. दुपारी तीन बार उडाले. मंगळवारी सकाळी सरजाबाई आरसा घेऊन विहिरीवर गेली आणि कवडसा खाली सोडला. कवडसा हलला. पाणी होतं. गुडघाभर, चहाच्या रंगाचं, पण पाणी. तिनं आरसा बराच वेळ तसाच धरून ठेवला.

अजीज त्याआधीच तीन बैलगाड्या गाळ घेऊन उदगीरला गेला होता. अंगणात ढीग लागला. गाळ धुवायचा तर पाणी हवं आणि उदगीरला प्यायला पाणी नव्हतं.

"पीने कू नई," बेगमबी म्हणाली, "और ये मिट्टी कू नहलाते!"

म्हणून त्यानं ढेकूळ ढेकूळ हातानं चुरलं. सगळा मे महिना गेला. शेजाऱ्यांना वाटलं, याच्या डोक्यावर दुष्काळाचा परिणाम झाला. ते जपून बोलू लागले. चकती हाताला लागली की अजीज डोळे मिटायचा, अंगठ्यानं चाचपायचा. मिनार लागले की ती बाजू वर करून फडक्यावर ठेवायचा आणि मगच डोळे उघडायचा. तुटक्या दगडाच्या तुकड्यावर त्यानं एक वाजवून पाहिला. नीट वाजला नाही. अर्ध्या दगडावर रुपया अर्धंच बोलत होता.

अठरा नग निघाले. अठराच्या अठरा मोठ्या अक्षराचे.

एकोणिसावा जूनच्या पहिल्या आठवड्यात सापडला. अंगठ्याला मिनार लागेनात. एका बाजूला लिहिलेलं लागलं, दुसऱ्या बाजूला खरवडलेलं. अजीज ओसरीवर तसाच डोळे मिटून बसला. सोनारानं या एका रुपयावर उलटं काम केलं होतं. लिखाणाची बाजू राखून चारमिनारच्या बाजूवर देव कोरला होता. घाईत असेल, नाहीतर लिखाण देवासारखं पवित्र वाटलं असेल.

त्यानं लिखाणाची बाजू वर केली आणि डोळे उघडले. निजामाला गादीवर येऊन कितवं साल चालू आहे, ते त्या बाजूला असतं. साल पहिलं होतं.

अजीजच्या मते पहिल्या सालात दोन्ही तऱ्हेचे रुपये निघाले होते, बारीक अक्षराचेही आणि मोठ्याचेही. कुठला ते कमानीत बघूनच कळणार, घासण्यातून कमान उरली असली तर. कमान देवाच्या बाजूला.

"पलटा के देखो ना जी," बेगमबी म्हणाली. "कोन देख रा?"

"मैं देखूँगा ना," अजीज म्हणाला.

त्यानं एका लाकडी फळीला एकोणीस खोबणी कोरून घेतल्या आणि त्यांत एकोणीस नग बसवले, मागनं. फळी भिंतीला टांगली. लोक यायचे, अठरा चारमिनार पाहायचे आणि एकोणिसाव्याला विचारायचे, हा उलटा का बसवला? अजीज सांगायचा, उलटा नाही, हाच सुलटा. पुढची नऊ वर्षं हेच चाललं. नांदेडच्या शौकिनाला बातमी लागली. तो मोटारीनं आला, फळीपुढं बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "मी पलटवतो. तुम्ही बाहेर जा." अजीजनं त्याला कप ठेवायलाही वेळ दिला नाही.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. उदगीरची माणसं उस्मानाबाद जिल्ह्यात झोपली आणि लातूर जिल्ह्यात उठली. कूसही बदलावी लागली नाही. नवा जिल्हा म्हटल्यावर त्याला काहीतरी जुनं हवं, म्हणून एका संस्थेनं लातुरात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. अजीज फळी घेऊन गेला. अजून सायकलवरच, फक्त कॅरिअरला आता फळी होती आणि पिशवीत अर्धा दगड.

तिथल्या साहेबांनी त्याला एक फॉर्म दिला. त्यात रकाने होते. 'दर्शनी बाजूचे वर्णन' या रकान्यात अजीजनं एकोणीस वेळा लिहिलं, 'पाहिलेली नाही.'

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे बघितली न्हाई."

"मग आत्ता बघा. काढा एक आणि बघा."

"शब्द दिलाय साहेब."

"कुणाला?"

"सरजाबाईला. अंबुळखेडच्या."

"त्यांची लेखी संमती आणा."

"त्या वारल्या. चार वर्षं झाली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. नव्या जिल्ह्याचा तो दहावा दिवस होता आणि एवढ्यातच हे.

दुपारी फळीपुढं एक माणूस बराच वेळ उभा राहिला. डोक्याचे केस पांढरे, हातात कागदांची पुडी. लिंबाजी होता. विहिरीला आडवं बोअर मारून घ्यायचं म्हणून तो अर्ज घेऊन कचेरीत आला होता. तिथं त्याला सांगितलं, विहिरीचे कागद उस्मानाबादला आहेत. विहीर लातूरला आली होती, कागद मागं राहिले होते.

"मामा," अजीजनं खुर्ची ओढली. "बसा. ह्यातला एक नग बघायचाय."

"बगतोच की."

"तसा न्हाई. फुडनं. मायनं मला मना केलं होतं. तुमाला केलं होतं का?"

लिंबाजीनं विचार केला. "मला कशाला करंल? मी तर टाकनारा. पन मी बगून तुमाला काय?"

"कमानीत अक्षर हाय. बारीक का मोठं, तेवढं सांगा. उर्दू येतं न्हवं तुमाला?"

"निजामाच्या शाळंत दोन यत्ता केल्या. बाहेर ओसरीवर बसून. पन फळा दिसायचा."

अजीजनं एकोणिसावा नग खोबणीतून काढून लिखाणाची बाजू वर ठेवून त्याच्या तळहातावर दिला आणि तोंड फिरवलं. लिंबाजीनं मूठ मिटली, खिडकीकडं वळला, मूठ उघडून रुपया पलटला. तो बघत राहिला. फार वेळ बघत राहिला. एवढा वेळ एका अक्षराला लागत नाही, हे अजीजला पाठमोऱ्यानंही कळत होतं.

"कोन हाय ते सांगू नका," अजीज म्हणाला.

"न्हाई सांगत," लिंबाजी म्हणाला.  मग त्यानं बोट ओलं करून रुपया चोळला. "अक्षर हाय. सोनारानं ही बाजू आर्धीच घासलीया. मांडीखाली आख्खं ऱ्हायलंय."

"बारीक का मोठं?"

"मोठं कसलं आसतं ते दावा की आधी."

अजीजनं न वळता फळीवरला एक नग काढून मागं धरला. लिंबाजीनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

"ह्याच्याहून बारीक हाय."

अजीजचा हात आपोआप पिशवीत गेला. अर्धा दगड बोटांना लागला. त्यानं तो चाचपला आणि हात तसाच बाहेर काढला. लिंबाजीनं रुपया पालथा करून परत दिला. अजीजनं तो खोबणीत बसवला आणि फॉर्म ओढून घेतला. साल: पहिले. अक्षर: बारीक. शेवटचा रकाना होता, 'माहितीचा आधार'. त्यात त्यानं लिहिलं, 'लिंबाजी, मुक्काम अंबुळखेड.'

साहेबांनी ते वाचलं. "हा काय आधार झाला?"

"दुसरा न्हाई साहेब," अजीज म्हणाला.

साहेबांनी फॉर्मवर शिक्का मारला, कारण शिक्का नवा होता आणि अजून फारसा वापरला नव्हता.

लिंबाजी अजून फळीसमोर उभा होता, एकोणिसाव्या नगाकडं बघत. आता तिथं नुसतं लिखाण दिसत होतं.

"आमच्याच घरचा हाय तो," तो म्हणाला. "मायनं शेवटाला टाकला होता." मग कागदांची पुडी बगलेत मारली. "येतो मी. उस्मानाबादची गाडी हाय चारची."

"मामा," अजीजनं विचारलं. "पानी हाय का हिरीला?"

"हाय की," लिंबाजी म्हणाला. "कंबरंएवढं."